वॅगन आणि नवी

नांदुऱ्याच्या आमच्या घरासमोर कडुनिंबाखाली दोन गाड्या उभ्या असत. एक बाबांची आणि एक मोठेबाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची. घर एक, अंगण एक, विहीर एक, चुली मात्र दोन झालेल्या. आलेला पाहुणा चपला काढण्याआधी त्या गाड्यांकडे पाहून घ्यायचा आणि मग कोणत्या दारातून आत शिरायचं ते ठरवायचा. आई हे ओळखून होती. पाहुणा आमच्याकडे वळला, अशी खात्री झाल्यावरच ती चहाचं आधण ठेवायची.

बाबांची होती ती जुनी स्टेशन वॅगन. तिला डिकी नव्हती. छप्पर सरळ मागेपर्यंत गेलेलं, आणि शेवटी दोन भागांचं दार, वरचा भाग वर उघडायचा आणि खालचा खाली. रेल्वेच्या गावात वॅगन म्हटलं की लोकांना मालगाडीचा डबा आठवायचा, आणि आमच्या गाडीचं कामही तेच होतं. दोघा भावांनी मिळून वाइंडिंगचं दुकान टाकलं तेव्हा मलकापूरच्या एका माणसाकडून ती घेतलेली. खेड्यापाड्यांतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिच्यातून दुकानात यायच्या आणि दुरुस्त होऊन परत जायच्या. त्यामुळे आत कायम वॉर्निशचा आणि ग्रीसचा वास. तो वास मला अजून आवडतो. पुण्यात मुलाच्या घराजवळ मोटारी दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे, तिथून जाताना माझी चाल आपोआप मंदावते. सुनेला वाटतं, गुडघे दुखत असतील.

मोटारी नसल्या की त्या जागेत आम्ही असायचो, मी आणि मंदा. मंदा ही मोठेबाबांची एकुलती मुलगी, माझ्याहून थोडीशी मोठी. आम्ही एकाच वर्गात होतो आणि एकाच ताटात जेवायचो. आईच्या माहेरी धामणगाव बढ्याला जायचं असो की मोठीआईच्या माहेरी मेहकरला, दोन्ही घरची माणसं त्या एका गाडीत मावायची. पुढे दोघे भाऊ, मधल्या बाकावर आई आणि मोठीआई, त्यांच्या मांडीवर माझे धाकटे भाऊ, पायाशी डबे, आणि मागे गोधडी अंथरून आम्ही दोघी आडव्या. मागचं दार इतकं खडखडायचं की बाबांनी फटीत सायकलची जुनी ट्यूब घडी करून कोंबली होती. तरी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. मोठीआई ओरडून विचारायची, "रोडग्याला तूप घेतलं का वो?" आणि आई तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची, "घेतलं!" राजूरच्या घाटात वॅगन हटकून तापायची. मग सगळे उतरायचे, मोठीआई दगडावर बसून वांग्याच्या भाजीचा डबा उघडायची, आणि दोघे भाऊ बॉनेटमध्ये डोकी घालून उभे राहायचे. मागून पाहिलं तर कोण बाबा आणि कोण मोठेबाबा ते ओळखू येत नसे.

पुढे मोठेबाबांनी पाइपलाइनचे ठेके घ्यायला सुरुवात केली. त्यात त्यांचं चांगलं बस्तान बसलं. भांडण कसलंच झालं नाही. दुकान बाबांकडे राहिलं, वॅगनही दुकानाबरोबर बाबांकडे राहिली, आणि एका सकाळी मोठेबाबा मुंबईहून नवी गाडी घेऊन आले. असल्या गाडीला सेडान म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घरात तिचं नाव 'नवी' असंच पडलं आणि जुनी झाल्यावरही ते बदललं नाही. गर्द निळा रंग, गर्द काचा, चामड्याच्या गाद्या. दार लावलं की धप्प असा दबका आवाज यायचा आणि बाहेरची सगळी दुनिया बंद व्हायची. स्टेशनातून एक्स्प्रेस गेली तरी आत कळत नसे. मोठीआई पहिल्यांदा बसून आली तेव्हा आईला म्हणाली, "बोलावंच नाही वाटत वो आतमंदी. देवघरात बसल्यासारखं वाटतं." मेहकरची असल्यामुळे तिची भाषा आमच्यापेक्षा थोडी वेगळी होती.

मी हे मुद्दाम लिहून ठेवते की नवी ही चांगली गाडी होती. आता आमच्याकडे कोणी जुन्या वॅगनची आठवण काढली की सगळे तिचंच कौतुक करतात आणि नव्या गाडीला नावं ठेवतात. ते खरं नाही. नवी खड्ड्यात आदळत नसे, घाटात दमत नसे, मे महिन्यातल्या उन्हात तिच्यात गार वाटायचं. तिच्यात एकच उणं होतं, आणि त्यात तिचा दोष नव्हता. तिच्यात आम्ही सगळे मावत नव्हतो.

मेहकरला लग्नाला निघालो तेव्हा हे पहिल्यांदा ध्यानात आलं. मोठेबाबा म्हणाले, "तुम्ही या मागून वॅगनमधी." आम्ही मागून गेलो. नवी आमच्या कितीतरी आधी पोहोचली असणार असं धरून मी मांडवात शिरल्याबरोबर मंदाला शोधायला लागले, तर ती नव्हतीच. मोताळ्याच्या पुढे तिला उलटी झाली होती आणि ती आत खोलीत पडून होती. बंद काचा आणि चामड्याचा वास तिला सोसला नव्हता. परतीच्या वाटेवर चिखलीला सगळे चहाला थांबले, तेव्हा ती कुणाला न विचारता आमच्या वॅगनच्या मागे येऊन बसली. मोठेबाबांनी ते पाहिलं. नव्या गाडीची मागची गादी त्यांनी ओल्या फडक्यानं पुन्हा एकदा पुसली, खरं तर ती आधीच स्वच्छ झाली होती. मला तेव्हा हसू आलं होतं. आता तो वाकलेला माणूस आठवतो तेव्हा येत नाही.

मंदा लहानपणापासून नाजूक. आधी घसा दुखायचा, मग सांधे सुजायचे. दहावीनंतर तिला जिना चढताना मध्येच थांबावं लागायला लागलं. वरच्या पायरीवर मी, मधल्या पायरीवर ती, आणि दोघीही उगाच काहीतरी बोलत तिचा दम परत येण्याची वाट पाहायचो. पुढे ती आडवी झोपेनाशी झाली. मोठीआई तिच्या पाठीशी तीन उशा लावायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक झडप खराब झाली आहे, नागपूरला नेऊन ऑपरेशन करावं लागेल, आणि फार दिवस काढू नका. आमची अकरावीची परीक्षा संपली आणि वैशाखाच्या भर उन्हात जाण्याचा दिवस ठरला.

रक्त द्यायला माणूस लागणार म्हणून मंदाचे मामा मेहकरहून आले होते. आदल्या संध्याकाळी सगळे ओसरीवर होते. मंदा लोडाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मी वॅगनमधी जाईन. मागं गोधडी टाका. शोभी राहीन माह्यासंग."

"अन् ह्या उन्हात?" मोठेबाबा म्हणाले. "आकोल्याच्या पुढं पत्रा कसा तापते, मालूम हाये का तुले? नव्या गाडीत गार राह्यते, गचका लागत नाई. डॉक्टरनं सांगतलं न, तिले दम लागू देऊ नका म्हनून."

"तुमच्या गाडीत मले मयमय होते."

"लिंबू घे जवळ. मी काच उघडी ठेवतो."

"काच उघडी ठेवली तर मंग गार कसं राहीन?"

मोठेबाबांनी बाबांकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच बाबांकडे पाहिलं. शोभीही बघत होती, म्हणजे मी. मला वाटत होतं, बाबांनी हो म्हणावं. नव्या गाडीत पुढे मोठेबाबा आणि मामा, मागे मोठीआईला टेकून मंदा पाय लांब करणार, म्हणजे माझ्यासाठी जागाच नव्हती. बाबा उठून अंगणात गेले. वॅगनच्या टपावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. आपल्या गाडीवर त्यांचा फार जीव होता. परत आले आणि मंदाच्या समोर उकिडवे बसले.

"दादा बराबर म्हनते, मंदे. ही गाडी मूर्तिजापूरपर्यंत दोनदा उभी राहीन. तुले घेऊन मी उन्हात रस्त्यावर उभा राहू का? आता तुह्या बाबाच्या गाडीत जाय. बरी झाली का मी येतो न घ्यायले. मस्त बिछाना टाकून आनतो, शोभीलेही आनतो. मंग तर झालं?"

"येतानी वॅगनमधी?"

"हाव. वॅगनमधीच."

मंदानं मान हलवली. मोठेबाबा तिथेच उभे होते. आपली लेक आपल्या गाडीत बसायला तयार व्हावी म्हणून धाकट्या भावाला तिची समजूत घालावी लागली, हे त्यांनी कसं घेतलं असेल ते मला तेव्हा कळण्याचं कारण नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "सकाळी लवकर निघू."

सकाळी तिला धरून मागच्या गादीवर उशांना टेकवून बसवलं. तिच्या हातात लिंबू होतं. दार धप्प लागलं. काचा गर्द असल्यामुळे आतलं दिसत नव्हतं. मी हात हलवला. तिनं हलवला की नाही, कळलं नाही. गाडी आवाज न करता गेली.

दुपारी दुकानातल्या फोनवर निरोप आला. रस्त्यात मंदाला एकदाही मळमळलं नव्हतं, ती अमरावतीपर्यंत झोपूनच होती, आणि दवाखान्यात पोहोचली तेव्हा तिला अजिबात दम लागलेला नव्हता. बाबांनी ते आईला पुन्हा पुन्हा सांगितलं. "पाह्य, आपली गाडी नेली असती तर?" असं म्हणताना त्यांना बरं वाटत होतं आणि वाईटही. मग काही दिवसांनी ऑपरेशन झाल्याचा फोन आला. नीट झालं होतं. आईनं शिरा केला आणि आजूबाजूच्या घरी वाट्या भरून पाठवला. त्यानंतर मंदा स्वतः फोनवर बोलली. आवाज बारीक होता. "शोभे, इथलं वरन लई पांचट राह्यते," ती म्हणाली. "काकूले म्हन, दशम्या अन् शेंगदान्याची चटनी पाठव." आणि मग, "काकाले गाडी धुवायले सांग."

तिला घरी सोडण्याचा दिवस कळला तेव्हा बाबांनी खरंच गाडी धुतली. मागच्या जागेतलं ग्रीस रॉकेलनं पुसलं, साबणाचं पाणी मारलं, दोन दिवस दारं उघडी टाकून वास घालवला. तो संपूर्ण गेला नाही. आईनं कापूस पिंजून नवी गादी भरून घेतली होती, ती मागे अंथरली. दशम्या, चटणी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पन्ह्याची बाटली. उन्हं वर यायच्या आत नागपूर गाठता यावं म्हणून आम्ही आदल्या दिवशी निघून अमरावतीला आईच्या मावशीकडे मुक्काम केला. बाबा त्या प्रवासात गुणगुणत होते. मी मागे गादीवर बसून पाहत होते, ती कुठे झोपेल आणि मी कुठे बसेन.

दवाखान्याच्या फाटकातच मामा उभे दिसले. बाबांनी खिडकीतून विचारलं, "सुट्टी भेटली का?" मामांनी गाडीच्या दारावर हात ठेवला. ते म्हणाले, "खाली उतरा भाऊ."

सकाळी उठून तिनं चहा मागितला होता. अर्धा प्याली. मग छातीत दुखतंय म्हणाली. डॉक्टर धावत आले, त्यांनी करायचं ते सगळं केलं. रक्ताची गुठळी, असं काहीतरी त्यांनी नंतर समजावून सांगितलं. आम्ही अमरावतीहून निघालो होतो तेव्हा ती होती. वाटेत कुठेतरी, मी गादीवर बसून जागा ठरवत असताना, ती नाहीशी झाली होती.

मोठीआई बाहेर आली ती कुणाचाही हात न धरता. वॅगनपाशी येऊन तिनं मागच्या काचेतून आत पाहिलं. पांढरी गादी होती, तिच्यावर आईनं विणलेली चादर. मोठीआई बाबांना म्हणाली, "भाऊजी, बिछाना आणला का? बरं झालं. तिला याच गाडीत यायचं होतं." एवढं बोलून ती तिथे फाटकातच खाली बसली. मी तिला धरायला गेले, पण मला तिचं वजन पेललं नाही.

दवाखान्याची गाडी मिळत होती. मोठेबाबा भिंतीकडे पाहत बाकावर बसून होते. बाबा त्यांच्यापाशी जाऊन म्हणाले, "दादा, मी तिले शब्द देल्ला होता." मोठेबाबांनी मान हलवली. मग बर्फाच्या लाद्या आणल्या, भुसा आणला. गादी काढून पुढे घेतली. मोठीआईला मधल्या बाकावर आडवं केलं. मी मागे, मंदाजवळ बसले. नको बसू, असं कुणी म्हणालं नाही. मामांनी नवी चालवायला घेतली, मोठेबाबा त्यांच्या शेजारी बसले, आणि दोन्ही गाड्या निघाल्या.

त्या दिवसाच्या उन्हाबद्दल मी फार लिहू शकत नाही. बर्फ वितळत होता आणि मागच्या दारातून पाणी रस्त्यावर ठिबकत होतं. वॅगन तापली की बाबा ती झाडाखाली उभी करायचे. मागे नवी थांबायची. मोठेबाबा उतरून यायचे, डबडं घ्यायचे, हातपंपावरून पाणी आणायचे आणि स्वतः रेडिएटरमध्ये ओतायचे. दोघे भाऊ बॉनेटमध्ये वाकून उभे राहायचे. मग दोघे आपापल्या गाडीत जाऊन बसायचे. दिवेलागणीच्या आत आम्ही नांदुऱ्यात शिरलो. आई दारात उभी होती आणि तिच्यामागे सगळी गल्ली.

त्यानंतर लोक बोलायचे ते बोललेच. काहींनी नव्या गाडीला पनवती ठरवलं. काही म्हणाले, वॅगननं नेली असती तर पोरीचं मन तरी राहिलं असतं. मोठेबाबांच्या कानावर हे जात असणार. त्यांनी नव्या गाडीवर ताडपत्री टाकून दोऱ्या बांधल्या आणि ठेक्याच्या कामावर एसटीनं जायला लागले. बाबांना वॅगनच्या मागे मोटारी टाकवेनात. ते खालची फळी उघडायचे, मोटार उचललेली असायची, आणि तसेच उभे राहायचे. शेवटी त्यांनी दुकानासाठी टेम्पो घेतला आणि वॅगन खामगावच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकली. ती नेली त्या दिवशी ते घरी जेवायला आले नाहीत. मोठीआई स्वयंपाक करेनाशी झाली. आई रोज दोन ताटं वाढून पलीकडे न्यायची. काही महिन्यांनी तिनं ताटं नेणं बंद केलं आणि त्या दोघांनाच आमच्याकडे पानावर बोलावलं. चूल पुन्हा एक झाली. ती तशी व्हावी असं मला लहानपणी फार वाटायचं. आता सगळे एकत्र जेवायला बसायचो आणि पाण्याच्या पेल्यांचा तेवढा आवाज व्हायचा.

पुढच्या वर्षी मला अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मी रेल्वेनं जाणार असं ठरलं होतं. जायच्या दिवशी उठून पाहते तर मोठेबाबा अंगणात बादली घेऊन नवी धूत होते. ताडपत्री बाजूला पडलेली. बाबांना ते म्हणाले, "शोभीले मी नेतो." बाबांनी माझी पेटी डिकीत ठेवली.

मी पुढे बसले. मोठेबाबांनी खिडक्या उघड्याच ठेवल्या होत्या. अकोला मागे पडलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांनी गाडी हळू केली आणि एका बाभळीखाली उभी केली. मला वाटलं, इंजिन तापलं. पण ते स्टिअरिंग धरून समोर पाहत बसले.

"शोभे," ते म्हणाले, "त्या दिवशी तू मागं बसून बोलत होती. मले काचेतून दिसत होतं. सारा रस्ता पाह्यलं मी, तुहे ओठ हालत होते. काय बोलत होती वो तिच्यासंग?"

मला हे कुणी विचारलं नव्हतं. आईनंही नाही. मी बोलत होते हे कुणाला माहीत आहे, असंही मला वाटलं नव्हतं.

"गावं सांगत होती," मी म्हणाले. "तोंडावर चादर होती न. तिले दिसत नव्हतं. मंग मी सांगत होती, आता बडनेरा गेलं, आता मूर्तिजापूर येऊन राह्यलं."

"अन्?"

"अन् गाडी तापली म्हनून थांबलो. बाबा झाडाखाली उभे हायेत. असंच."

"आनखी काई नाई?"

मी तेही सांगितलं. "घडीघडी सांगत होती, का तुहे बाबा मागंच हायेत म्हनून. नव्या गाडीत हायेत, पन पुढं नाई गेले. मागंच हायेत."

मोठेबाबा दार उघडून उतरले आणि माझ्याकडे पाठ करून शेताच्या बांधावर जाऊन उभे राहिले. मी गाडीतच बसून राहिले. रस्त्यावरून ट्रक जात होते. बऱ्याच वेळानं ते परत आले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि बसले.

"मंदाच्या मामानं दोनदा म्हनलं, गाडी पुढं काढतो, घरी जाऊन तयारी पाह्यतो," ते म्हणाले. "मी म्हनलं, नाई. मागंच राहू दे."

आणि त्यांनी गाडी सुरू केली.